गाडी बंद करू नका

आमच्याकडे नव्या गाड्या घ्यायच्या ठरल्या की ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नसतो. शेठ ॲव्हरेज बघतात, अकाउंटवाले हप्ता बघतात, ड्रायव्हर मंडळी केबिन आणि सीट बघतात. मी मेंटेनन्स सांभाळते. माझा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं: ही गाडी रात्री रस्त्यात उभी राहिली तर फोन कोण उचलणार?

या वेळी दोन ब्रँडची कोटेशनं टेबलावर होती. एकाच्या गाड्या आमच्याकडे आधीपासून आहेत, दुसऱ्याचं ॲव्हरेज कागदावर थोडं सरस होतं. शेठचा कल दुसऱ्याकडे. ही चर्चा चालू असतानाच आमची एक गाडी अडकली.

गाडी रेफ्रिजरेटेड कंटेनरची. आत औषधं, २ ते ८ अंशांत ठेवायची. माल उतरवायचा स्लॉट दुसऱ्या दिवशी सकाळचा. तो चुकला की गोदामवाले गाडी आत घेत नाहीत, नवा स्लॉट मिळेपर्यंत बाहेर ताटकळायचं. संध्याकाळी ड्रायव्हर काकांचा फोन आला.

“ताई, तो पिवळा दिवा परत लागलाय. आणि चढाला गाडी ओढेनाशी झालीये.”

“परत म्हणजे? आधी कधी लागला होता?”

काका मोकळेपणाने बोलले. दिवा गेले काही आठवडे अधूनमधून लागत होता. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे असतानाही लागायचा. दर वेळी वाटेतला कुणीतरी इलेक्ट्रिशियन स्कॅनर लावून कोड पुसून द्यायचा, दिवा जायचा, गाडी पुढे निघायची. माल वेळेत पोचवायचा असतो, दिवा विझला म्हणजे काम झालं असं ड्रायव्हरला वाटणारच. मी काकांना दोष देत नाही.

पण कोड पुसला म्हणजे मोजणी पुसली असं होत नाही. हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

युरो ६ या धुराच्या नियमाच्या पातळीच्या गाड्यांत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला सायलेन्सरच्या आधी युरियाचं पाणी फवारतात. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. पुढे कॅटॅलिस्ट म्हणजे धूर साफ करणारा भाग असतो, त्यात विषारी वायूचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. ते खरंच होतंय का हे बघायला कॅटॅलिस्टच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन नॉक्स सेन्सर, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे सेन्सर, असतात. यातला एखादा बिघडला की गाडीला स्वतःचा धूर तपासता येत नाही, आणि तशी गाडी फार काळ चालू द्यायची नाही असं नियमच सांगतो. सेन्सरच्या दोषात इंजिन ३६ तास चाललं की टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ २५ टक्क्यांनी कमी होते. १०० तास झाले की शेवटची पायरी: ताशी २० किलोमीटरच्या वर गाडी जातच नाही. मधल्या काळात दोष तात्पुरता गेला तर मोजणी थांबते. लगेच शून्यावर येत नाही. दोष लवकर परतला तर मोजणी थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते.

काकांच्या गाडीत ती मोजणी संपली होती. चढाला ओढत नव्हती ती टॉर्क कापल्यामुळे.

आमच्या डीलरचा सर्व्हिस मॅनेजर तेव्हा घरी निघाला होता. फोन त्याने उचलला. आधी चेसिस नंबर विचारला, मग डॅशबोर्डवरचा कोड, मग पडद्यावर किती वेळ उरलेला दिसतोय ते. मी काकांना दुसऱ्या फोनवर घेतलं होतं, ते वाचून दाखवत होते. एवढं ऐकून तो पहिलं वाक्य बोलला ते हे:

“मॅडम, काकांना सांगा गाडी बंद करू नका.”

कारण पुढे त्यानेच सांगितलं. शेवटची मर्यादा गाडी पळत असताना अचानक लागत नाही, ते धोक्याचं होईल. ती कधी लागावी याचे पर्याय नियमात दिलेत: इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर, डिझेल भरल्यावर, किंवा गाडी तासाभराहून जास्त उभी राहिल्यावर. यातला कुठला घ्यायचा ते गाडी बनवणारी कंपनी ठरवते. यातलं काहीच घडलं नाही तरी इंजिन आणखी ८ तास चालल्यावर गाडी पहिल्यांदा थांबेल तेव्हा मर्यादा लागतेच. आमच्या मॉडेलमध्ये पहिला पर्याय होता. म्हणजे चावी बंद केली की पुढच्या स्टार्टला गाडी बैलगाडीच्या चालीने निघणार, आणि हायवेवर तसल्या चालीने कंटेनर चालवणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

कुठल्या मॉडेलला कुठला पर्याय आहे हे मी पाठ करून ठेवू शकत नाही, वाटेतला इलेक्ट्रिशियनही नाही. ज्याने ती गाडी विकली आणि जो रोज त्याच गाड्या उघडतो, त्याला ते जेवता जेवता सांगता येतं. मी याला सर्व्हिस म्हणते. धुवून पुसून दिलेली गाडी आणि वेटिंग रूममधला सोफा मला दाखवू नका.

लगेच दुसरा प्रश्न आला: टाकीत डिझेल किती? पंपावर इंजिन चालू ठेवून डिझेल भरता येत नाही, तिथे चावी बंद करावीच लागणार. काकांनी काटा बघितला, निम्म्याखाली होता. आता हिशेब मांडायचा होता: आहे त्या डिझेलवर, ८ तासांच्या आत, कुठल्या वर्कशॉपपर्यंत पोचता येईल, आणि तिथे सेन्सर असेल का.

सगळ्यात जवळचं वर्कशॉप त्याच ब्रँडचं, पण दुसऱ्या डीलरचं होतं. मी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला. सकाळी वर्कशॉप उघडल्यावर गाडी आणा, जॉब कार्ड उघडू, पार्ट नसेल तर ऑर्डर टाकू. बोलणं नम्र होतं. पण दारावर नाव तेच, रंग तोच, बोर्ड तोच, आणि आमच्या गाडीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ब्रँड निवडला म्हणजे सर्व्हिस निवडली असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एकाच ब्रँडचे दोन डीलर म्हणजे दोन वेगळे धंदे असतात.

आमच्या मॅनेजरने तोवर स्वतःच्या पुढच्या शाखेच्या फोरमनला उठवलं होतं. ती शाखा आणखी पुढे, पण काकांच्या वाटेवरच. डिझेल पुरणार होतं. अडचण एवढीच की सेन्सर तिथेही रॅकवर नव्हता.

मग त्यांनी जे केलं ते मी डीलरांबद्दल ऐकून होते, प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिलं. यार्डात विक्रीसाठी उभ्या असलेल्या नव्या गाडीचा सेन्सर काढायचा ठरलं. नव्या गाडीचा पार्ट काढणं सोपं नाही. विक्री विभागाची परवानगी लागते, त्या गाडीच्या कागदावर नोंद लागते, नवा पार्ट येऊन बसेपर्यंत ती गाडी गिऱ्हाइकाला देता येत नाही. मॅनेजरने विक्रीच्या साहेबांना घरी फोन करून होकार घेतला.

पार्ट काउंटरवरच्या मुलीलाही बोलावून घेतलं होतं, आणि मी तिची फार आभारी आहे. तिने दोन्ही चेसिस नंबर कॉम्प्युटरवर टाकून बघितले आणि सगळ्यांना थांबवलं. आमच्या गाडीच्या सेन्सरचा नंबर बंद होऊन नवा नंबर आला होता. नव्या गाडीवर तो नवाच होता. बसला असता, पण आमच्या गाडीचं सॉफ्टवेअर आधी अपडेट केल्याशिवाय चालला नसता. शिवाय कॅटॅलिस्टच्या अलीकडचा आणि पलीकडचा सेन्सर वेगळा, आपल्याला पलीकडचा हवा, हेही तिने फोरमनकडून कोड पुन्हा वाचून घेऊन पक्कं केलं. तिने ते पाहिलं नसतं तर मध्यरात्री चुकीचा किंवा न बोलणारा सेन्सर बसवून सगळे एकमेकांकडे बघत राहिले असते.

काका पोचले तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते. गाडी आत घेतली, चावी बंद केली, धुराचा पाइप निवेपर्यंत फोरमनने लॅपटॉप लावून सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. कंटेनरच्या कूलिंग युनिटचं इंजिन वेगळं असतं, ते चालूच होतं. काका मधूनमधून जाऊन तापमान बघून मला सांगत होते.

जुना सेन्सर पाइपात घट्ट बसला होता. फोरमनने तेल सोडून, थोडा मागे-पुढे करत, आटे न खराब करता काढला. नॉक्स सेन्सरचं टोक आणि वायरच्या दुसऱ्या टोकाची डबी एकत्रच येतात, कारण दोन्ही एकमेकांशी जुळवून दिलेली असतात. टोक बदललं आणि डबी जुनी ठेवली असं करता येत नाही. त्याने निघालेला सेन्सर कॅमेऱ्यासमोर धरला. टोकावर पांढरा थर चढला होता.

“सेन्सर गेलाय हे खरं, मॅडम. पण तो गेला कशाने ते बघूया.”

नवा सेन्सर बसवून, कोड काढून, गाडी सोडून दिली असती तरी आम्ही त्याचे आभारच मानले असते. तो युरिया फवारणाऱ्या नोझलकडे वळला. नोझल काढलं तर तोंडाशी युरियाचे खडे साचले होते. बारीक फवारा उडण्याऐवजी थेंब पडत होते, ते पाइपात सुकत होते आणि धुराबरोबर पुढे सरकत होते. सेन्सरचं टोक आतून तापवलेलं सिरॅमिक असतं, त्याला असला थर आणि ओलावा सोसत नाही. युरियाचे खडे गरम पाण्यात विरघळतात. त्याने नोझल गरम पाण्यात ठेवून साफ केलं, नवी गॅस्केट टाकून बसवलं, फवाऱ्याची टेस्ट घेतली, मग गाडी उभ्या जागी चालवून पूर्ण सिस्टिमची तपासणी केली. दिवा गेला तो या वेळी खरा गेला. मोजणीही त्यांच्या लॅपटॉपवरून रीतसर निघाली.

काका स्लॉटच्या आत पोचले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला तर ते त्या फोरमनचंच कौतुक करत होते. त्याने काकांना शाखेच्या विश्रांतीच्या खोलीत झोपायला लावलं होतं, काम झाल्यावरच उठवलं.

गाडी उभी राहिली की मी एका वहीत चार वेळांची नोंद करते: फोन केव्हा केला, माणूस केव्हा आला, पार्ट केव्हा आला, गाडी केव्हा हलली. ही वही मी शेठसमोर उघडली. माणूस साधारण सगळेच डीलर पाठवतात. माणूस आल्यापासून पार्ट येईपर्यंतचं अंतर बघा, तिथे फरक आहे. गाडी पार्टवाचून उभी राहते, आणि त्या वेळात हप्ता चालू असतो, ड्रायव्हर अडकलेला असतो, गिऱ्हाईक चिडलेलं असतं. ॲव्हरेजमध्ये महिनाभर वाचवलेलं डिझेल अशा एका उभ्या राहण्यात निघून जातं.

शेठचं म्हणणं होतं की दुसऱ्या ब्रँडची गाडीच मुळात बिघडणार नाही. मी त्यांना पार्टची यादी दाखवली. आतला बराच माल ठरावीक पुरवठादारांकडून येतो. झेडएफचा ट्रॅक्सॉन गिअरबॉक्स मॅन, डॅफ आणि इव्हेको तिघांच्या गाड्यांत मिळतो. एअर ब्रेकचं सामान बनवणारी वॅबको २०२० मध्ये झेडएफनेच घेतली. व्होल्वो, स्कॅनिया, मर्सिडीज आपापले गिअरबॉक्स बनवतात हे खरं, आणि इंजिनात, केबिनमध्ये, सस्पेन्शनच्या पाट्यांमध्ये फरक असतोच. पण सेन्सर, पंप, व्हॉल्व्ह सगळ्यांचेच जातात. गेल्यावर काय होतं ते डीलर ठरवतो.

मग आम्ही दोघं आमच्या डीलरकडे गेलो. मी शोरूममध्ये बसले नाही, पार्टचं गोदाम बघायचंय म्हटलं. मॅनेजरने आढेवेढे न घेता दार उघडलं. आमच्या गाड्यांच्या चेसिस नंबरांवरून यादी काढून नॉक्स सेन्सर दोन्ही बाजूंचे, युरियाचं नोझल, फिल्टर, क्लच बूस्टर, एअर ड्रायरचं कार्ट्रिज आमच्या नावाने कायम ठेवायचं, आणि ते ऑर्डरच्या कागदावर लेखी यायचं असं ठरलं. रात्रीच्या फोनसाठी माणसाचं नाव आणि तो रजेवर असेल तर दुसरं नाव, हेही लिहून घेतलं.

आमच्या डोंगरातल्या मार्गासाठी मात्र त्याने स्वतःच त्याच्या ब्रँडच्या गाड्या घेऊ नका म्हणून सांगितलं. “तिकडे माझी शाखा नाही, मॅडम. त्या रस्त्यावर त्या दुसऱ्या ब्रँडचा माणूस चांगला आहे, रात्री येतो. तिकडच्या गाड्या त्यांच्याकडून घ्या.” त्या गाड्यांची विक्री त्याच्या हातून गेली, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

शेठनी ऑर्डर दोन भागांत केली. हायवेच्या गाड्या आमच्या जुन्याच डीलरकडून. डोंगरातल्या मार्गासाठी दुसऱ्या ब्रँडच्या त्या डीलरकडे मी पुढच्या आठवड्यात जातेय, वही घेऊन. आधी त्यांचा पार्ट काउंटर बघेन, मग कोटेशनवर बोलू.