कवच धुता धुता विरघळू नये म्हणून

खोल समुद्राच्या गाळावरून जुन्या पाण्याची कार्बोनेट स्थिती (त्यात कार्बोनेट आयन किती होते ते) काढायची, तर आधी फोरॅमची, म्हणजे चुन्याचं कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय समुद्री जीवांची, कवचं समुद्रतळाशी किती विरघळली ते पाहावं लागतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत हे काम करताना माझा अनुभव असा की पहिला घात पाणीच करतं. उघडं ठेवलेलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, पीएच 5.6 च्या आसपास उतरतो आणि कवचं त्यात झिजतात. मग समुद्रातली झीज कोणती आणि टेबलावरची कोणती, हे सांगता येत नाही. मी अमोनियाचे थेंब घालून पीएच 8 च्या वर ठेवते. बोरॅक्सला मात्र हात लावायचा नाही; त्यात बोरॉन असतो आणि पुढे बोरॉनच मोजायचा असतो.

सुमारे 10 ग्रॅम वाळवलेला गाळ रात्रभर भिजवून 63 मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक फवाऱ्याने धुवायचा. बोटाने चोळलं की कवचं फुटतात आणि ते तुकडे थेट मोजणीत येतात. मग ओव्हनमध्ये 50 अंशांवर वाळवायचा.

विरघळून कमकुवत झालेली कवचं जास्त फुटतात, म्हणून तुकडे मोजायचे. मोजणी 150 मायक्रॉनच्या वरच्या भागात, किमान 300 कणांवर. एका कवचाचे साधारण 8 तुकडे होतात असं धरून तुकड्यांना 8 ने भागते. 240 तुकडे आणि 90 अखंड कवचं असतील तर फुटलेल्या कवचांचं प्रमाण 25 टक्के येतं. न भागता तेच 73 दिसलं असतं.

मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की स्थिर विजेने कवचं ब्रशवरून उडतात. ब्रशचं टोक ओलं ठेवावं. पावसाळ्यात उलट: दमट हवेत मायक्रोबॅलन्सचा (अतिसूक्ष्म वजनकाट्याचा) आकडा सरकत राहतो, म्हणून नमुने डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढून लगेच तोलते. एकाच प्रजातीची, 300 ते 355 मायक्रॉनची 50 कवचं एकत्र. पण वजन कमी म्हणजे विरघळलंच असं नाही; पृष्ठभागावर जगतानाच कवच पातळ बनलेलं असू शकतं. गाळातल्या कार्बोनेटच्या टक्क्यांचंही तसंच, नदीचा चिखल वाढला की ते आपोआप घसरतात.

म्हणून माझा भर तळावर राहणाऱ्या सिबिसिडॉइडीस वुलरस्टॉर्फी या फोरॅमच्या कवचातल्या बोरॉन-कॅल्शियम गुणोत्तरावर; तळाच्या पाण्यातलं कार्बोनेट त्यावरून कळतं. 10 ते 20 कवचं हलकेच फोडून आधी पाणी आणि मिथेनॉलने चिकणमाती काढायची, मग सोडियम हायड्रॉक्साइडमधल्या गरम हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग, शेवटी 0.001 मोलर नायट्रिक आम्लाची झटपट धुणी. ही धुणी लांबली की नमुनाच संपतो. बोरोसिलिकेट काच कुठेही नको, सगळं प्लास्टिक. मूलद्रव्यं मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात बोरॉन चिकटून राहतो. दोन नमुन्यांमध्ये यंत्र धुऊन रिकामा नमुना (कवच नसलेलं नुसतं द्रावण) चालवायलाच हवा. ॲल्युमिनियम चढलेलं दिसलं तर चिकणमाती राहिली आहे, तो आकडा टाकून द्यावा.

या प्रजातीसाठी ठरलेल्या सूत्राने गणित सोपं: गुणोत्तरातून 177.1 वजा, भागिले 1.14. म्हणजे 205 मायक्रोमोल प्रति मोल आलं तर कार्बोनेट आयन संपृक्ततेपेक्षा (ज्या पातळीखाली कवच विरघळू लागतं तिच्यापेक्षा) सुमारे 24.5 मायक्रोमोल प्रति किलो जास्त, 165 आलं तर सुमारे 10.6 कमी. मोजणीत 4 ची चूक झाली तर उत्तर 3.5 ने हलतं.

खालचे थर उघडण्याआधी वरच्या थराचा आकडा तिथल्या आजच्या पाण्याशी जुळवून पाहते. पिस्टन कोअरमध्ये (खोलवर नळी घुसवून काढलेल्या लांब गाळस्तंभात) हा वरचा थर बहुधा गेलेला असतो, तेव्हा त्याच जागेच्या बॉक्स कोअरचा (पेटीने उचललेल्या वरच्या गाळाचा) नमुना आधीच मागून ठेवावा.