मूल दुसऱ्या घरी असताना आईबापांनी काय करावं

माझा मुलगा वर्षभराहून जास्त काळ दुसऱ्या घरात वाढला. बाल कल्याण समितीनं त्याला फोस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला दुसऱ्या कुटुंबाकडे, दिलं होतं. आता तो माझ्याजवळ आहे. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या बाईनं रडत रडत फोन केला. तिची मुलगी नुकतीच अशीच एका कुटुंबात गेली आहे. तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते, कारण फोनवर माणसाच्या अर्धं लक्षात राहतं आणि अर्धं राहत नाही.

मुलाचं नाव, त्याची शाळा, ते कुटुंब कुठल्या गावचं, यातलं काहीच लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तुम्हीही भेटीचे फोटो स्टेटसला ठेवू नका, कितीही ठेवावेसे वाटले तरी.

आमच्यावर ही वेळ अपघातामुळे आली. नवरा जागीच गेला. मी मागे बसले होते, माझा पाय मोडला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशनं झाली, पुढे कितीतरी महिने कुबड्या. सासूबाई दोडामार्गला अंथरुणाला खिळलेल्या, माहेरी घेऊन जाईल असं कोणी उरलेलं नाही. शेजाऱ्यांनी मुलाला सांभाळलं, पण ते तरी किती दिवस सांभाळणार? वॉर्डातल्या सोशल वर्कर ताईंनी समितीला कळवलं आणि समितीनं फोंड्याच्या बाजूचं एक कुटुंब ठरवलं.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या: फोस्टर केअरमध्ये दिलेलं मूल म्हणजे दत्तक दिलेलं मूल नव्हे. तुमचं आईपण, बापपण कुठेही संपत नाही. याच कायद्याच्या कलम ४४ मध्ये लिहिलंय की आईबापांना ठरावीक काळानं मुलाला भेटता येतं. भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं, तर त्याची कारणं तिनं लेखी नोंदवावी लागतात. आणि आईबाप सांभाळायला समर्थ आहेत असं समितीला पटलं की मूल परत घरी जाऊ शकतं, हेही त्याच कलमात आहे. माझ्या हातात फोटोकॉपी होती. एका कार्यालयात मला 'आता तुम्ही कशाला येता सारख्या सारख्या' असं ऐकवलं गेलं, तेव्हा मी तो कागद टेबलावर ठेवला आणि भेटीची तारीख लिहून मागितली. आवाज चढवायची गरज पडली नाही.

तर, भेट चुकवू नका. बाकी सगळं यानंतर. मी म्हापशाहून पणजी आणि पणजीहून फोंडा अशी कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, शटल धरून जायचे. कुबड्या घेऊन शटलच्या पायऱ्या चढणं काय असतं ते सांगत बसत नाही. एक वही केली होती. तारीख, किती वाजता पोचले, काय बोललो, त्याची तब्येत, आणि बसचं तिकीट त्याच पानावर चिकटवलेलं. ताप आला किंवा बस चुकली, तर त्याच दिवशी कळवून त्याची नोंद. पुढे समितीसमोर 'आई संपर्कात होती का' हा प्रश्न आला, तेव्हा मी वही पुढे केली. अध्यक्ष मॅडमनी एकेक पान उलटून पाहिलं.

भेटीत काय न्यायचं? महागडी खेळणी नकोत. त्या घरातल्या मुलांसमोर ते बरं दिसत नाही. मी जत्रेत मिळतं तसलं खाजं न्यायचे, सगळ्यांना पुरेल एवढं. एकदा त्याच्या बाबांचा पट्टा नेला होता, लहान करून, नवीन भोकं पाडून. तो त्यानं शाळेच्या चड्डीवर पुढे रोज वापरला. आणि 'पुढच्या महिन्यात नेते हं तुला' असं कधीही म्हणू नका. तारीख तुमच्या हातात नसते, आणि मूल ती मोजत बसतं. त्यापेक्षा 'पुढच्या भेटीला येते' म्हणा आणि या.

आता सगळ्यात अवघड ते लिहिते. एका भेटीत तो अंगणातून धावत आला, हात मातीनं भरलेले, आणि माझ्यादेखत त्याला सांभाळणाऱ्या बाईंना म्हणाला, "आई, उदक दी." कोंकणीत. आमच्या घरी आम्ही मराठी बोलतो. त्या बाईंचा चेहरा एकदम उतरला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, "आधी हात धू, मग आई देईल पाणी." त्याच्या खांद्यावरचा ताण सैल झाला तो मला दिसला. परतीच्या बसमध्ये फोंड्यापासून पणजीपर्यंत डोळ्याला पदर लावून बसले, ते वेगळं. पण मुलाला दोघींपैकी एक निवडायला लावायचं नाही. तिथं त्याला जीव लावणारं कोणी आहे म्हणून तर तो रात्री झोपतो आणि सकाळी शाळेत जातो. त्या बाईंशी मी सख्ख्या जावेसारखी वागले. त्याला कच्चा कांदा चालत नाही, पावसात छाती भरते, वीज चमकली की बाबांची आठवण येते, हे सगळं मी त्यांना सांगितलं.

कागदांचं थोडक्यात. न वाचता सही करू नका. विशेषतः मूल कायमचं सोपवण्याचा, म्हणजे सरेंडरचा कागद असेल तर. तो केलात तरी फेरविचाराला ६० दिवस असतात, पण मुळात तो कागद काय आहे ते कळल्याशिवाय पेनच उचलू नका. फोस्टर केअरच्या निर्णयावर हरकत असेल तर ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील होतं. बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बापांनी उत्पन्नाची मर्यादा तिथंच विचारून घ्यावी.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात स्पॉन्सरशिपचा, म्हणजे मुलाच्या सांभाळासाठी दरमहा मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज करा. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेखाली मुलामागे महिन्याला ४,००० रुपये असतात. वार्षिक उत्पन्न खेड्यात ७२,००० आणि इतर ठिकाणी ९६,००० रुपयांच्या आत लागतं. विधवा आईची मुलं त्यात बसतात. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या मूलतत्त्वांतच आहे. तेव्हा केवळ गरीब आहोत म्हणून मूल मागायला लाजू नका.

मूल परत मागताना घराची पाहणी होते. आमच्याकडे आलेल्या ताईंनी सामान किती आहे ते पाहिलंच नाही. तो कुठे झोपणार, संडास आहे का, शाळा सुटल्यावर घरी कोण असेल, मी आजारी पडले तर कोण, एवढंच विचारलं. खानावळीत माझी रात्रीची पाळी होती. ती बदलून सकाळची घेतली आणि मालकाकडून तसं लिहून आणलं. शेजारच्या काकूंनी संध्याकाळचे दोन तास पाहीन म्हणून सही दिली. ही तयारी आदेश निघायच्या आधी करून ठेवा, नंतर धावपळ नको.

तो घरी आला तेव्हा पहिले काही आठवडे माझ्याशी कोंकणीतच बोलायचा आणि मध्येच रुसून बसायचा. पाठपुराव्याला येणाऱ्या ताईंना मी तेही सांगितलं, लपवलं नाही. त्या म्हणाल्या, त्या घरी फोन लावून देत जा. आता रविवारी फोन असतो, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन येतो. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास, बांधायला तो तिथलाच हक्काचा गडी आहे.

कोणाला समितीसमोर एकटीनं जायची भीती वाटत असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाला सोबत कोणी द्या म्हणून आधीच अर्ज करा. मूल कुठे आहे तेच कळत नसेल, तर १०९८ ला फोन लावा. तो नंबर मुलांसाठीचा आहे, पण आईबापांनीही लावायला हरकत नाही.