तारा निघाल्या म्हणजे संपलं असं नाही

मी दादर पश्चिमेला एका ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या, डॉक्टर मॅडमकडे असिस्टंट म्हणून काम करते. तारा काढायच्या दिवशी पेशंटबरोबर निम्मं घर येतं. आई असतेच, कधी आजी, कधी मावशी, हातात पेढ्यांचा पुडा. मॅडम पक्कडीने एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा चौकोनी तुकडा, सोडवतात, दाताला चिकटलेलं सिमेंट घासून काढतात, पॉलिश करतात. पोरगी आरशात बघते, मग आरसा बाजूला ठेवून नुसती जीभ फिरवत बसते, कारण इतक्या महिन्यांनी दात गुळगुळीत लागत असतात. सगळे खूश असतात आणि नेमकं तेव्हाच मला रिटेनरची, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाची, डबी पुढे करून बोलावं लागतं. ऐकायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

दात हाडात घट्ट रोवलेला असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दातावर हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड थोडं थोडं झिजतं, दात तिकडे सरकतो आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. तार जास्त आवळली म्हणून काम लवकर होत नाही, उलट मुळांना इजा होऊ शकते. ‘ताई, मॅडमना सांगा ना जरा टाइट करायला, पुढच्या वर्षी बारावी आहे,’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक आईला मी हेच समजावते. दीड-दोन वर्षं लागतात ती याच कारणाने.

तारा निघतात तेव्हा हे नवं हाड अजून कोवळं असतं. हिरडीतल्या तंतूंना तर नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभरसुद्धा लागतं. तोवर ते ताणलेल्या इलॅस्टिकसारखे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. ती ओढ थोपवायची तर रिटेनर हवाच. आमच्याकडे बहुतेकांना पारदर्शक प्लास्टिकचा देतात, काहींना टाळूवर बसणारा तारेचा, आणि खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूने एक बारीक तार कायमची चिकटवतात. सुरुवातीचे काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, मग डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री. ‘किती वर्षं?’ हा प्रश्न हमखास येतो. वयाबरोबर खालचे पुढचे दात ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत त्यांचेही दाटीवाटीने पुढेमागे होतात, त्यामुळे अमुक वर्षांनी सुटका असं सांगता येत नाही. रात्री घालायची सवय ठेवायची, बस.

इंजिनीअरिंगला पुण्याला गेलेला एक मुलगा सुट्टीत दाखवायला आला होता. हॉस्टेलवर रिटेनर घालणं मागे पडलं होतं. त्याने कपाटातून शोधून आणलेला रिटेनर मी धुऊन त्याच्या हातात दिला. तो अंगठ्याने दाबून बसवायला बघत होता, एका बाजूला टक्कन बसला आणि दुसऱ्या बाजूला उचललेलाच राहिला. खालचे दोन पटाशीचे दात एकमेकांवर चढायला लागले होते आणि दाबामुळे तिथली हिरडी पांढरी पडली होती. त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं, कारण त्याच्या आईवडिलांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरले होते हे मला माहीत होतं. असा रिटेनर बसत नसेल तर जोर लावून घालू नका. लगेच दाखवा. थोडं सरकलेलं असताना सुधारणं सोपं असतं.

रिटेनर हरवतात ते बहुधा हॉटेलात. जेवायच्या आधी काढून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा, आणि पोऱ्या ताट उचलतो त्याबरोबर तोही जातो. डबी पर्समध्ये, दप्तरात ठेवाच. आणि निर्जंतुक करायचं म्हणून उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लास्टिक वेडंवाकडं होतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आता ब्रशबद्दल, कारण यावर मला सगळ्यात जास्त तळमळीने बोलायचं आहे. ब्रॅकेट निघाल्यावर काही मुलांच्या दातावर मधोमध एक स्वच्छ चौकोन दिसतो आणि त्याच्याभोवती खडूसारखी पांढरी चौकट. जिथे ब्रॅकेट होतं तिथला दात झाकलेला राहिला, आणि त्याच्या कडेने साचलेल्या जंतूंच्या थराने वरच्या आवरणातलं कॅल्शियम ओढून काढलं. हे व्हायला महिनाभराचा हलगर्जीपणाही पुरतो. दात ओळीत आलेत, पण हसलं की पहिले डागच दिसतात. पुढे ते थोडे फिके होतात, पूर्ण जातीलच असं नाही.

म्हणून तारा असताना ब्रश नुसता आडवा फिरवून चालत नाही. ब्रश तिरका धरून आधी तारेच्या वरची बाजू, मग खालची, मग तारेखालून दोन ब्रॅकेटच्या मधली जागा, आणि तिथे तो छोटा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश. पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त लिहिलेली. रात्रीचा ब्रश झोप आली म्हणून सोडायचा नाही. डबा खाल्ल्यावर शाळेत, ऑफिसात निदान खळखळून चूळ भरा.

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे ब्रॅकेट तुटल्याचे सगळ्यात जास्त फोन दिवाळी आणि संक्रांतीनंतर येतात. चकली, चिक्की, कडक तिळाचे लाडू, उसाची कांडकी. पावसाळ्यात शिवाजी पार्कच्या बाजूचं भाजकं कणीस. कणीस खायचंच असेल तर दाणे सोलून खा. पेरू, सफरचंद, गाजर बारीक फोडी करून. वडापाव खुशाल खा, पण तुकडे तोडून मागच्या दातांनी. तारा लावल्यावर पहिले दोन-चार दिवस दुखतं तेव्हा मऊ भात, पेज, शिरा. तार गालाला टोचली तर आम्ही दिलेलं मेण दाबून लावायचं.

आणि ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या रबराचे रंग. पारदर्शक रबर ‘दिसणार नाहीत’ म्हणून मोठी माणसं मागतात, आणि घरच्या आमटीतल्या हळदीने ते दोन दिवसांत पिवळे होतात. मुलं हुशार, ती सरळ निळे-हिरवे घेतात आणि गणपतीच्या आधीच्या भेटीत भगवे.

दुधाच्या दातांबद्दल पालकांना मी हात जोडून सांगते. ‘पडणारच आहेत’ म्हणून किडलेली दुधाची दाढ काढून टाकायची घाई करू नका. मागची दुधाची दाढ १० ते १२ व्या वर्षापर्यंत राहायची असते. ती लवकर गेली की सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा अडवते, आणि मग आमच्याकडे दाटीवाटीचं तोंड येतं. काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी कडी बसवता येते, ते विचारा. ७ व्या वर्षाच्या सुमारास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून घ्या. बहुतेकांना तेव्हा काहीच करायचं नसतं, पण वरचा जबडा अरुंद असेल, अंगठा चोखायची सवय सुटत नसेल, तर ते त्या वयात जितकं सहज हाताळता येतं तितकं पंधराव्या वर्षी येत नाही. टाळूच्या मधला सांधा तेव्हा पक्का होत आलेला असतो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. ‘मुलीची जात आहे, पुढे स्थळं बघायची, म्हणून करतोय,’ असं म्हणणारी आई तिच्या धाकट्या मुलाचे पुढे आलेले दात बघून ‘मुलाचं चालून जातं’ म्हणते. पुढे आलेले दात खेळताना पडल्यावर सगळ्यात आधी तुटतात, मुलगा असो की मुलगी. आणि त्या मुलीलाही वरपक्षापेक्षा आधी स्वतःसाठी हसता यायला हवं. तोंडावर हात धरून बोलणारी मुलगी वर्षभरात हात खाली ठेवून गप्पा मारायला लागते, ते मी जवळून बघते आणि मला या कामाचा अभिमान वाटतो.

दातांमधली फट मिटवायला साधा रबरबँड अडकवायचा व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका, कळकळीने सांगते. तो रबर हिरडीत सरकत मुळाकडे चढतो, भोवतीचं हाड खातो, आणि धडधाकट दात हलून पडतात.

खर्चासाठी थांबला असाल तर मुंबईत दोन ठिकाणं नक्की बघा. मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, १९३३ पासूनचं, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी घेतलेले आणि ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस हे पुढचं शिक्षण करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खाजगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. माझ्या भाचीचं नायरमध्येच चालू आहे. वहिनी तेवढ्यासाठी महिन्यातून एक दिवस सुट्टी टाकते, सकाळी लवकर जाऊन रांगेत बसते. गेल्या भेटीत तिथल्या डॉक्टरांनी भाचीच्या दातांचे आधीचे प्लास्टरचे साचे काढून तिच्या हातात दिले, कुठला सुळा किती खाली आला ते तिलाच मोजायला लावलं. तेव्हापासून तिला ब्रश करायला सांगावं लागत नाही.