मधल्या सुट्टीतला तंबोरा

सतारी-तंबोऱ्यांच्या मिरजेत वाढलेल्या माणसाला परगावी गेलं की हमखास एक प्रश्न येतो : "मग तुम्ही गाता की वाजवता?" मी औषधांचं दुकान चालवते. तरीही "दोन्ही, थोडं थोडं" असं बिनधास्त सांगते, आणि याचं पाप, जिच्या स्मरणिकेसाठी हे लिहितेय त्या आपल्या शाळेच्या माथी आहे.

मी पाचवीत आले १९८४ साली. संगीताची खोली जिन्याखाली. दोन तंबोरे, एक पेटी, तबल्याचे जोड आणि पुस्तकांचं एक फळकुटं कपाट. एरवी शाळांमधली वाद्यं गॅदरिंगपुरती बाहेर निघतात आणि पुन्हा गवसणीत जातात. आपल्या संगीताच्या सरांनी मात्र त्या खोलीला कुलूप लावूच दिलं नाही. मधल्या सुट्टीत डबा खाऊन कुणीही यावं, बसावं, छेडावं. अट एकच, हात धुऊन यायचं. "लोणच्याचे हात तारेला लागले तर बघा!" हे अजून कानात आहे.

पहिलं वर्षभर सरांनी गाणं असं फारसं शिकवलंच नाही. तंबोरा लावायला शिकवला. पहिली तार पंचमाला, म्हणजे 'प'ला, मधली जोडी षड्जाला, म्हणजे 'सा'ला, शेवटची पितळी खर्जाला, म्हणजे खालच्या 'सा'ला. खुंटी आत दाबत फिरवायची, नाहीतर ती सुटून येते. उरलेला केसाएवढा फरक तारेत ओवलेला मणी सरकवून काढायचा. मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत सरकवत न्यायचं. एका विशिष्ट जागी ते आलं की इतका वेळ नुसती टणटण करणारी तार अचानक गुंजायला लागते. ती जागा कुणाला आधी सापडते यावरून आमची भांडणं व्हायची. मालकंस राग असला तर त्यात पंचम वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला, 'म'ला, उतरवायची. हे मला व्याख्या पाठ करून नव्हे, खुंटी पिळून समजलं.

आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात. बाकीच्या क्लासांतून ती पोरं तेव्हा गळायची. सर त्यांना तंबोऱ्याला नाहीतर डग्ग्याला बसवायचे. म्हणायचे, गळा सुट्टीवर गेलाय, कान थोडाच गेलाय? त्यातला एकजण आज एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि दर गुरुवारी भजनी मंडळात तबला वाजवतो.

गावाचाही हात होताच. सर वर्गाला थेट सतारमेकर गल्लीत घेऊन जायचे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यांचा उद्योग उभा केला, हे पुढे वाचलं. तेव्हा दिसले ते छताला टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे. तुनीच्या लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास, आणि घोडीवर बारीक कानस मारून पुन्हा पुन्हा तार छेडणारे एक म्हातारे कारागीर. कानस दोनदा फिरवायची, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा कानस. जवारी काढणं म्हणतात ते हे. मोजपट्टी कुठेच नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आधी तो कानशीचा आवाज आठवला.

पुस्तकांची गंमत वेगळीच. आम्ही परीक्षा द्यायचो गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा. तिथे सूर लिहायची लिपी पलुस्करांची. आणि कपाटात होती भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका, त्यांच्या स्वतःच्या लिपीतली. आता पलुस्कर लिपीत सुरावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, आणि भातखंडे लिपीत सुरावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक! एकच टिंब, एकाचा सूर पाताळात, दुसऱ्याचा गच्चीवर. सरांचा उपाय सोपा होता : आधी ऐका, मग गा, पुस्तक शेवटी उघडा.

ऐकायला सकाळी साडेसातला विविध भारतीवर 'संगीत सरिता' असायची. शाळा अकराची, त्यामुळे सबब चालत नसे. "आज काय होतं?" असं सर जिन्यातच विचारायचे. दुसरा आधार थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांचा. एकेक तबकडी जेमतेम तीनएक मिनिटांची. हौशी माणसासाठी यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही. तासाभराचा ख्याल ऐकताना मन भरकटतं. तीन मिनिटांत राग कसा उभा करायचा हे दहादा ऐकून तपासता येतं. झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' आम्ही अशीच ऐकली. तीच ऐकून भीमसेन जोशी लहानपणी वेडावले आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ही हकीकत सर हमखास सांगायचे. वर पालकांकडे बघून "तुम्ही घाबरू नका" अशी पुस्तीही जोडायचे.

खाँसाहेब गेले १९३७ मध्ये, मद्रासकडच्या प्रवासात सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर. पण त्यांची कबर आपल्या मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसात तिथे गाणं होतं. तिकीट नाही, पास नाही. थेट जमिनीवर बैठक मारायची. नामवंतांच्या इतक्या जवळ बसून, ते तंबोरा जुळवताना काय करतात ते बघता येणं, हे पैसे मोजूनही फार ठिकाणी मिळत नाही.

आता सगळं मोबाइलमध्ये आहे. तंबोरा, तबला, हवी ती पट्टी, हवी ती लय. मीही वापरते. दुकान बंद करून रात्री बसायचं, तर शेजाऱ्यांना त्रास न देता काळी चारचा, म्हणजे माझ्या पट्टीचा, षड्ज इअरफोनमध्ये मिळतो, ही सोय लहान नाही. पण ॲपमधला तंबोरा बेसूर होत नाही, म्हणून तो जुळवावाही लागत नाही. आणि माझ्या मते कान तयार होतो तो जुळवतानाच. ध्वनिमुद्रणांचंही तसंच. एका रागाच्या पन्नास चिजा पुढ्यात असल्या की पोरं प्रत्येकीची पहिली दोन मिनिटं ऐकतात आणि पुढे सरकवतात. एक राग, एक मुद्रण, एक आठवडा, हा सरांचा हिशेब मी अजून मोडलेला नाही.

स्मरणिका समितीने लेखाबरोबर 'शाळेकडून अपेक्षा' लिहायला सांगितलं आहे, म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात खोली पाहिली. दोन्ही तंबोरे शाबूत आहेत. एकाची जवारी गेली आहे, दुसऱ्याला तारा नव्या हव्यात. गल्ली दहा मिनिटांवर आहे. कारागिराशी माझं बोलणं झालंय, खर्च आमची बॅच करेल. दाराला मात्र कुलूप दिसलं आणि किल्ली ऑफिसात असल्याचं समजलं. मुख्याध्यापकांना विनंती, मधल्या सुट्टीपुरती ती किल्ली संगीताच्या बाईंकडे राहू द्या. हात धुवायला लावायचं काम त्या करतीलच.