तुम्ही विचारलंत म्हणून: पीसी असताना मी शूटर कंट्रोलरवर का खेळते

टेबलावर चांगला पीसी आहे, माउस आहे, तरी फर्स्ट पर्सन शूटर (पात्राच्या डोळ्यांनी बघत गोळ्या झाडायचे गेम) खेळायला कन्सोलच का लावतेस? या प्रश्नामागचा न विचारलेला प्रश्नही मला पाठ झालाय: अंगठ्याने कधी नेम लागतो का? माउस अचूक असतो, पीसीवर फ्रेम जास्त मिळतात, दिसण्याचा कोन हवा तेवढा वाढवता येतो, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः बरीच वर्षं माउसवर खेळले आहे.

फरक अचूकतेच्याही आधी सुरू होतो. माउस जेवढा सरकवाल तेवढी नजर वळते. हात थांबला की नजर थांबली. कंट्रोलरवरची स्टिक अंगठ्याने जेवढी ढकलाल तेवढ्या वेगाने नजर वळत राहते आणि ती नेमकी कधी सोडायची ते तुम्ही ठरवायचं. माउसवर अंतराचा अंदाज लागतो, स्टिकवर वेळेचा. म्हणून स्टिकवर मुरलेला खेळाडू शत्रू जिथून निघेल तो कोपरा आधीच धरून ठेवतो आणि उरलेला नेम पायांनी लावतो, डाव्या स्टिकने बाजूला सरकत. कीबोर्डवर चालायला आठ दिशा असतात. कळ दाबलेली असते किंवा नसते. स्टिकवर हवा तो कोन मिळतो, हवा तो वेग मिळतो. मला ते चालणं आवडतं. माझं उत्तर खरं तर इथे संपतं, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. लगेच एम असिस्टचा, म्हणजे कंट्रोलरवर नेम धरायला गेमच करतो त्या मदतीचा, विषय निघतो.

2000 साली प्लेस्टेशनवर 'एलियन रिझरेक्शन' हा शूटर आला. डाव्या स्टिकने चालायचं, उजवीने बघायचं, ही आज सगळीकडे रुळलेली मांडणी त्यात होती आणि तेव्हा तिच्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी एक्सबॉक्सवरच्या 'हेलो'ने तीच मांडणी लोकांच्या हातात बसवली. त्यात क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनवरची नेमाची खूण, शत्रूवरून जाताना मंदावतो आणि गोळीही किंचित त्याच्याकडे ओढली जाते. ही मदत तिथे नंतर चिकटवलेली नाही, अख्खा गेम ती धरून बांधला आहे. त्यामुळे कुणी तिला कुबडी म्हटलं की मला राग येतो.

पण एक रात्र मला टाळता येत नाही. क्रॉसप्ले चालू होता, म्हणजे पीसीवरचे आणि कन्सोलवरचे खेळाडू एकाच मॅचमध्ये. टीममधले दोघे माउसवर, मी कंट्रोलरवर. ते दोघे पडले होते आणि समोर शेवटचे दोन जण उरले होते. पावलांच्या आवाजावरून मी दारामागची जागा धरली, पहिल्याला रीलोड करताना गाठलं. दुसरा घसरत आत आला, अगदी जवळून डावीकडे गेला, झटकन उजवीकडे उलटला, आणि माझा क्रॉसहेअर त्याच्या छातीवरून हललाच नाही. आम्ही जिंकलो. हेडसेटमध्ये काही क्षण कुणीच बोललं नाही. मग ज्या मित्राबरोबर मी सगळ्यात जास्त खेळले होते तो शांतपणे म्हणाला, "हा किल तुझा नाही." तो चिडला असता तर मी भांडले असते. तो चिडलेला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

नंतर मी ती क्लिप फ्रेम-फ्रेम करून पाहिली. त्या दुसऱ्या शत्रूने दिशा बदलली त्याच क्षणी माझी नजर वळायला लागली होती. डोळ्याला दिसून बोट हलायला माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ मध्ये गेलाच नव्हता. अनेक गेममध्ये डावी स्टिक हलती असली की असिस्ट नजरही शत्रूबरोबर फिरवतो. ते वळण असिस्टचं होतं. दारामागची जागा, आवाज ओळखणं, रीलोडची वेळ साधणं माझं होतं. हे मी त्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, मग तो भाग बंद करून खेळ. आमचं एकत्र खेळणं त्यानंतर कमी होत गेलं.

माउसवर असताना मीही त्याच्यासारखंच बोलायचे. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला विचारेन: जवळच्या लढाईत असिस्ट दिसतो, मग लांबच्या लढाईत स्टिकवाल्याला तू सहज टिपतेस ते का मोजत नाहीस? ती म्हणेल, लांबून टिपताना निदान माझाच हात असतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि तरीही डाव्या स्टिकवरून अंगठा उचलायची माझी तयारी नाही.

'एपेक्स लेजंड्स'ने 2024 मध्ये पीसी लॉबीतला, म्हणजे पीसीवरच्या खेळाडूंबरोबरच्या मॅचमधला, एम असिस्ट 25 टक्क्यांनी कमी केला, तेव्हा मला राग आला आणि हायसंही वाटलं. त्याच वर्षी कन्सोलवर आलेल्या 'व्हॅलोरंट'ने पीसीशी क्रॉसप्ले ठेवलाच नाही. मला ती वाट जास्त पटते, जरी तिथे रांगेत थांबावं लागलं आणि जुने सोबती मिळाले नाहीत तरी. क्रॉसप्ले ठेवायचाच असेल तर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो माउसवर आहे की कंट्रोलरवर, हे सगळ्यांना दिसू द्या. माझ्याही नावापुढे. आणि जवळच्या लढाईत नजर आपोआप फिरवणारा असिस्ट आणखी कमी करायचा का, असं मला विचारलंत तर सकाळी हो म्हणेन, आणि रात्री एखादी मॅच हरल्यावर नाही.