माणूस वाढावा

सबटायटल करताना एखादं वाक्य अख्खा दिवस घेतं. माझ्या बाबतीत ते ‘टू सर्व्ह मॅन’ होतं. ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन टीव्ही मालिकेचा हा भाग सीबीएस वाहिनीवर २ मार्च १९६२ रोजी आला. नऊ फुटी कानामिट परग्रहावरून येतात, दुष्काळ आणि युद्धं संपवतात. त्यांच्या एका पुस्तकाचं आधी फक्त नाव उलगडतं, ‘टू सर्व्ह मॅन’, आणि जग निर्धास्त होतं. ते पाककृतींचं पुस्तक आहे हे कळतं तेव्हा नायक त्यांच्या यानात चढत असतो. ‘सर्व्ह’मध्ये सेवाही आहे आणि ताटात वाढणंही.

‘मानवाची सेवा’ लिहिलं तर शेवट कोसळतो, कारण सेवेतून स्वयंपाकाकडे वाटच नाही. ‘मानवसेवन’ उलट पहिल्याच वेळी फुटतं. सेवन म्हटलं की मराठी माणसाला औषध नाहीतर मद्य आठवतं. संध्याकाळी ‘वाढणे’पाशी थांबलो. माणूस वाढावा: पीक वाढावं तसा, आणि भात वाढावा तसा!

खरं काम त्यानंतरचं. भागाची सुरुवातच यानात होते, कथा तिथून मागे जाते. त्या सुरुवातीलाच नायकाला जेवणाबद्दल विचारलं जातं. तिथे मी आधी ‘जेवण वाढू का?’ लिहिलं होतं. ते ठेवलं असतं तर ताटातला अर्थ दहा मिनिटं आधीच कानात बसला असता. म्हणून ‘काय जेवाल?’ केलं. खताने नापीक जमीन फुलते त्या प्रसंगात मात्र मुद्दाम ‘पीक वाढेल’ घेतलं, म्हणजे कान भरभराटीच्या अर्थाला सरावतो. पुस्तकाचं नाव जिथे जिथे येतं तिथे तेच दोन शब्द, एक मात्राही न बदलता. शेवटी कानामिट ‘खा, वजन कमी व्हायला नको’ अशा अर्थाचं बोलतो, तिथेही ‘वाढ’ टाळलं. तोवर अर्थ उघड झालेला असतो, पुन्हा बोट दाखवलं की धार जाते.

साठ वर्षांनंतरही हा भाग टिकतो तो याचमुळे, असं मला ठामपणे वाटतं. लेखक रॉड सर्लिंग काहीच लपवत नाही. उत्तर नावातच असतं, म्हणून दुसऱ्यांदा पाहताना जास्त अंगावर येतं.

नायक यानात चढत असताना त्याची सहकारी ओरडून त्याला पुस्तकाचं खरं रूप सांगते. तिच्या त्या आरोळीत ‘ते पाककृतींचं पुस्तक आहे’ असा सरळ क्रम चालत नाही. मुख्य शब्द आधी वाचला जातो आणि तिचा आवाज मागे राहतो. म्हणून दोन तुकडे केले. पहिला, ‘ते पुस्तक...’. तिचा अडखळलेला श्वास संपेपर्यंत पडदा रिकामा. मग दुसरा: ‘पाककृतींचं आहे!’