'आले' म्हणजे गेली

मॉरिशसमध्ये गाडी न घेता राहायचं ठरवलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण बेट ते केवढं! उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटरच्या आसपास. रत्नागिरीच्या पोरीला एवढ्यासाठी गाडी कशाला? शिवाय बस म्हणजे बऱ्याचदा आपली अशोक लेलँड. चढावर गिअर बदलला की डोळे मिटून घ्यायचे, आंबा घाटच.

मी राहते क्युरपीपला, बेटाच्या मधल्या पठारावर. समुद्रावर घामाच्या धारा लागतात आणि तासाभराने घरी उतरावं तर पाऊस आणि स्वेटर. 2022 पासून पोर्ट लुईहून इथवर मेट्रोही येते, गारेगार आणि चकाचक. राजधानीला जायचं तर मीही तीच धरते. पण मेट्रो समुद्रावर जात नाही. तिथे बसच. त्यात विद्यार्थ्यांना आणि साठीपुढच्यांना 2005 पासून तिकीट नाही, त्यामुळे सकाळच्या गाडीत पिशव्या घेतलेल्या आज्यांचं राज्य. त्यांच्या गप्पा ऐकत ऐकतच मी इथली बोली, क्रिओल, शिकते आहे. किती शिकले, ते पुढे सांगतेच.

एका सोमवारी रजा टाकून माएबूरच्या आठवडी बाजाराला गेले. वाटाण्याच्या डाळीची दोन-दोन 'धोल पुरी' खाल्ली (इथे ती जोडीनेच मिळते, एक मागणारा परका हे लगेच कळतं) आणि तिथून ब्लू बेच्या समुद्रावर. पाणी असं की उठवेना. सहा वाजून गेल्यावर थांब्यावर आले. वेळापत्रक नाही, माणूस नाही. फक्त अननसाला तिखट-मीठ लावून विकणारे एक आजोबा गाडी आवरत होते. चेहरा थेट आमच्या आळीतला. मी "बस?" विचारलं. ते म्हणाले, "बिस फिन आले."

आले! लिंग चुकलं असेल, चालायचंच. दोनशे वर्षांपूर्वीच्या आसपास आपल्याकडची माणसं मजुरीला इथे आली. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. एखादं मराठी क्रियापद टिकलं असेल तर नवल काय? मी उजळून हसले आणि वळणाकडे डोळे लावून उभी राहिले.

वीस मिनिटं.

शेवटी आजोबाच पुन्हा आले, हाताने टाटा करून दाखवला आणि सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं म्हणाले, "फिन. आले." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. क्रिओलमधलं 'आले' फ्रेंचकडून आलेलं. अर्थ 'जाणे'. शेवटची बस मी यायच्या आधीच गेली होती. गावाकडे साडेसहाच्या सुमाराला बसेस आटोपतात, हे मला नंतर सगळ्यांनी आवर्जून सांगितलं.

आजोबांनीच हॉटेलच्या कामगारांची व्हॅन थांबवून मला माएबूरपर्यंत बसवून दिलं. पैसे कोणी घेतले नाहीत. तिथे क्युरपीपची गाडी नशिबाने उभी होती. चढले, खिडकी धरली, जीव भांड्यात पडला. कंडक्टर आला.

"कोत ऊ पे आले?"

कुठे चाललात, एवढंच विचारत होता. आत्ताच तर धडा शिकले होते. पण दमलेल्या डोक्याने ऐकलं, 'कुठून आले?'

"रत्नागिरी," मी म्हणाले.

तिकिटाचे पैसे घ्यायला पुढे केलेला त्याचा हात तसाच राहिला.